प्रोसेसर आणि हीटसिंक बदलताना : आधी बायोस, मग धूळ, मग पिना

प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डावरच्या त्याच्या खाचेत, ठेवायला अर्धं मिनिट पुरतं. कोल्हापुरात माझ्याकडे येणाऱ्या बंद मशीनमध्ये त्या अर्ध्या मिनिटाची चूक क्वचितच सापडते. चुकलेला असतो तो क्रम. बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट न करताच जुना प्रोसेसर काढलेला असतो, थंड मशीनचा हीटसिंक (प्रोसेसर गार ठेवणारा पात्यांचा धातूचा भाग) सरळ वर ओढलेला असतो, उघड्या सॉकेटवर ब्लोअर मारलेला असतो. वस्तू चांगल्या, हात चांगला, फक्त आधीचं काम नंतर झालेलं आणि नंतरचं आधी.

म्हणून हा लेख कामाच्या क्रमानेच लिहिला आहे. एकदा शेवटपर्यंत वाचा, मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या. सगळं डेस्कटॉपसाठी आहे. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डालाच (मदरबोर्डालाच) सोल्डर केलेला असतो, तो घरी बदलता येत नाही.

## टप्पा १ : खरेदीच्या आधीची जुळणी

सगळ्यात आधी एक खात्री करा. मशीन हळू चालतंय म्हणून प्रोसेसर बदलताय, की दुपारी तापून बंद पडतंय म्हणून? दुसरं कारण असेल तर नवा प्रोसेसर घेऊ नका. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीजवळच्या ऑफिसांत हीटसिंकच्या पात्यांमध्ये काळी बारीक धूळ घट्ट बसते. इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या मशीनमध्ये सुताच्या तंतूंचा जाड थर सापडतो. असा हीटसिंक साफ करून नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधली फट भरणारा लेप) लावली की बहुतेक मशीनं पूर्ववत चालतात.

प्रोसेसरच घ्यायचा ठरला, तर दुकानात जाताना आपल्या बोर्डाचं पूर्ण मॉडेल लिहून न्या. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बेसबोर्ड प्रॉडक्ट या ओळीत ते मिळतं, बायोसची आवृत्तीही तिथेच दिसते. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसर सपोर्ट यादी उघडा आणि नवा प्रोसेसर त्यात आहे का, कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो, हे पाहा. राजारामपुरी-शाहूपुरीतले चांगले दुकानदार हे स्वतःहून तपासतात, तरी पैसे तुमचे आहेत, तुम्हीही तपासा.

सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेल, हा समज सर्वाधिक पैसे बुडवतो. त्याची नेहमीची उदाहरणं सांगतो.

इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीचं सॉकेट दिसायला एकच, एलजीए ११५१. पण सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. दहाव्या आणि अकराव्या पिढीचं सॉकेटही एकच, एलजीए १२००. तरी एच४१० आणि बी४६० चिपसेटचे बोर्ड साधारणपणे अकरावी पिढी घेत नाहीत. एलजीए १७०० वर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते, मात्र बारावीच्या वेळी घेतलेल्या बोर्डाला पुढच्या पिढ्यांसाठी बायोस अपडेट लागतं. एएमडीचं एएम४ सॉकेट बरीच वर्षं टिकलं, त्यामुळे जुन्या बी४५० बोर्डावर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर चालू शकतो, पण तोही नव्या बायोसवरच. एएम४ आणि एएम५ एकमेकांत बसत नाहीत.

दुसरी चूक डिस्प्लेची. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनमध्ये रायझन ३ ३२००जी काढून रायझन ५ ५६०० बसवला, तर स्क्रीन काळीच राहणार, कारण ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही. ५६००जी मध्ये आहे. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी एफ अक्षर असेल तर हीच गोष्ट. टॅलीचं ऑफिस मशीन, झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन अशा ठिकाणी वेगळं कार्ड नसतंच, तिथे हे एक अक्षर डोळ्यांत तेल घालून पाहा.

तिसरी हीटसिंकची. एलजीए ११५१ आणि १२०० साठी बोर्डावरच्या चार भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर असतं, एलजीए १७०० साठी ७८. तीन मिलिमीटरचाच फरक, पण जुना हीटसिंक नव्या बोर्डावर दाबून बसवायला गेलात तर पाय तुटतो किंवा हीटसिंक एका बाजूने उचललेला राहतो. इंटेलच्या के अक्षराच्या प्रोसेसरबरोबर खोक्यात हीटसिंक येत नाही, रायझन ७ ५७००एक्स बरोबरही येत नाही. टॉवर हीटसिंक घेणार असाल तर त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, आणि तो रॅमवर येतो का, हेही मोजा. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कमाल उंची दिलेली असते.

थांबा : २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात पाण्यात बुडालेला बोर्ड वाळवून चालू झाला असेल, तरी त्यावर नवा प्रोसेसर बसवू नका. सॉकेटच्या पिनांखाली आणि वीजपुरवठ्याच्या भागांत गंज हळूहळू वाढत राहतो. त्या बोर्डासकट बदल करायचा असेल तरच पुढे जा.

## टप्पा २ : जुन्या प्रोसेसरवरच करायची कामं

हा टप्पा सर्वात जास्त लोक वगळतात. जुना प्रोसेसर चालू आहे तोवरच बायोस अपडेट करता येतं. तो काढला आणि नवा बायोसने ओळखला नाही, तर काळ्या स्क्रीनपुढे बसून काहीच करता येत नाही. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय पेनड्राइव्हवरून बायोस भरायचं बटण असतं. आपल्या बोर्डावर ते आहे का, हे मॅन्युअलमध्ये आत्ताच पाहून ठेवा.

१. आधी बॅकअप. टॅलीचा डेटा, फोटो, डिझाइनच्या फायली बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मशीनशी बांधलेल्या सॉफ्टवेअर परवान्यांबद्दल आपल्या विक्रेत्याला आधी विचारा.

२. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का पाहा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर ते तुमच्या नकळत चालू झालेलं असू शकतं. एएमडीच्या बऱ्याच मशीनमध्ये एन्क्रिप्शनची किल्ली जपणारा भाग प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे प्रोसेसर बदलला की विंडोज रिकव्हरी की मागतं. ४८ आकडी की नसेल तर डेटा गेला. की कागदावर लिहून घ्या आणि काम होईपर्यंत एन्क्रिप्शन बंद करा. फक्त सस्पेंड केलंत तर एका रीस्टार्टनंतर ते पुन्हा चालू होतं, आणि आपल्याला रीस्टार्ट बरेच करायचे आहेत. पूर्ण बंद करणंच बरं.

३. आता बायोस. फाइल बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची आणि आवृत्तीचीच घ्या. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल त्यात टाका आणि बायोसच्या स्वतःच्या मेनूतून अपडेट चालवा. बोर्डाच्या पानावर मधली एखादी आवृत्ती आधी भरायला सांगितली असेल तर ती पायरी वगळू नका.

थांबा : बायोस भरत असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. मशीन यूपीएसवर असू द्या आणि त्याची बॅटरी खरंच भार घेते का, हे आधी मेन स्विच बंद करून बघा. वळवाच्या दिवसांत आकाश भरून आलं असेल, किंवा महावितरणचं देखभालीचं काम त्या दिवशी असेल, तर दुसरा दिवस धरा.

मशीन तापून मधेच बंद पडत असेल तर ते अपडेट करतानाही बंद पडेल. अशा वेळी टप्पा ४ मधली धूळसफाई आधी करा आणि मग इथे परत या.

तपासा : अपडेटनंतर मशीन जुन्या प्रोसेसरवर नीट चालू होतंय का? विंडोजमध्ये नवी बायोस आवृत्ती दिसते का? जुन्या प्रोसेसरचं तापमान, निवांत असताना आणि काम करताना, टप्पा १० मधल्या सॉफ्टवेअरने पाहून एका कागदावर टिपून ठेवा. शेवटी तुलनेला उपयोगी पडतं.

## टप्पा ३ : सामान

चुंबकी टोकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिंट (बारीक तंतू) न सोडणारं कापड किंवा कॉफी फिल्टरचा कागद, मऊ ब्रश, मोबाइलचा टॉर्च, स्क्रू ठेवायला दोन वाट्या. नव्या हीटसिंकला खालून आधीच पेस्ट लावलेली असेल तर वेगळी ट्यूब लागत नाही, पण घरात असू द्या. एकदा बसवून उचललेल्या हीटसिंकची पेस्ट पुन्हा वापरायची नसते.

अल्कोहोल ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानांत ते मिळतं. हात धुण्याचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो. पेट्रोल आणि थिनर तर आणूच नका.

लिक्विड मेटल नावाची पेस्ट इथे विसरा. तिच्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि ती वीजवाहक असल्यामुळे ओघळली तर शॉर्ट होतो. साधी करडी पेस्ट या कामाला भरपूर आहे.

## टप्पा ४ : वीज आणि धूळ

पॉवर सप्लायचा मागचा स्विच बंद करा, मग वायरीची पिन भिंतीच्या सॉकेटमधून ओढून काढा. भिंतीवरचं बटण बंद करून थांबू नका. जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असू शकतं आणि मग बटण बंद असूनही मशीनपर्यंत वीज येते. सगळ्या वायरी काढल्यावर कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, आतला उरलेला चार्ज निघून जातो.

इथे अर्थिंगबद्दल सांगायलाच हवं. चालू मशीनच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर त्या घरात अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून येणारा बारीक करंट जमिनीत जायला वाट नसली की तो पत्र्यावर येतो. थ्री-पिन प्लगला टू-पिनचा जोड लावून चालवलेल्या मशीनमध्ये हे हमखास होतं. नवा प्रोसेसर अशा लाइनवर चालू करण्याआधी वायरमनला बोलवा.

अंगावरच्या स्थिर विजेसाठी फार सोहळा नको. हिवाळ्याच्या कोरड्या सकाळी लोकरीचा स्वेटर आणि नायलॉनचे कपडे टाळा, गालिच्यावर बसू नका, लाकडी टेबलावर काम करा. कोणताही भाग हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, आणि काम चालू असताना अधूनमधून लावत राहा. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा धोका कमी. पण हात घामट असतात, ते पुसत राहा.

आता धूळ, आणि हीच क्रमाची कळीची जागा. सफाई हीटसिंक जागेवर असतानाच करायची. सॉकेट उघडल्यावर कॅबिनेटमध्ये हवा मारली की पंख्यातली, जाळीतली सगळी घाण त्या हजारभर पिनांवर येऊन बसते. फाउंड्रीच्या परिसरातल्या धुळीत लोखंडाचे कण असतात, ते वीजवाहक असतात. कॅबिनेट अंगणात किंवा गॅलरीत न्या, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि ब्लोअर थोडा लांबून मारा. पाती मोकळी सोडलीत तर हवेच्या जोराने पंखा प्रमाणाबाहेर फिरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होतात. चिकट काजळी, गुऱ्हाळाच्या किंवा कारखान्याच्या परिसरात बसते तशी, हवेने निघत नाही. ती ब्रशने सुटी करा.

तपासा : मोबाइलवर आतल्या वायरींचे दोन-तीन फोटो घ्या. हीटसिंकच्या पंख्याची वायर कुठल्या जागी लावली आहे, ते फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे.

## टप्पा ५ : मशीन गरम करून हीटसिंक काढणं

प्रोसेसर मरतात ते बहुधा इथे. म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

थर्मल पेस्ट वर्षानुवर्षं सुकून चिवट होते. एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसर फक्त पिनांच्या पकडीवर बसलेला असतो, वरून धरून ठेवणारी चौकट नसते. हीटसिंक सरळ वर ओढला की सॉकेटचा लिव्हर (प्रोसेसर पकडून ठेवणारी बाजूची दांडी) बंद असतानाच प्रोसेसर उपटून बाहेर येतो. पिना वाकतात, कधी तुटतात.

१. सफाई झाल्यावर मशीन पुन्हा जोडा, चालू करा आणि दहा मिनिटं काहीतरी जड काम चालवा. पेस्ट मऊ होते.

२. मशीन बंद करा, टप्पा ४ प्रमाणे वीज पूर्ण काढा आणि लगेच, गार होऊ न देता, कॅबिनेट आडवं ठेवा. बोर्ड वरच्या बाजूला असू द्या.

३. पंख्याची वायर कनेक्टरला धरून काढा, वायरला ओढून नाही.

४. इंटेलचा नेहमीचा हीटसिंक असेल तर चारही खुंट्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवा आणि वर ओढा. स्क्रूचा असेल तर समोरासमोरचे स्क्रू जोडीने, थोडे थोडे सैल करा. एक पूर्ण काढून मग दुसऱ्याकडे जाऊ नका. एएमडीचा लिव्हर आणि कड्यांचा असेल तर लिव्हर उलटा फिरवून दोन्ही कड्या सोडवा.

५. आता ओढू नका. हीटसिंक दोन्ही हातांनी धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलक्या हाताने फिरवा, अगदी थोडं. पेस्टची पकड सुटल्याचं हाताला कळतं. सुटल्यावरच वर उचला.

थांबा : फिरत नसेल तर जोर वाढवू नका. हेअर ड्रायरने हीटसिंकला दोन-तीन मिनिटं ऊब द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटायचा नाही, बोर्डावरच्या बारीक रेषा तुटतात आणि त्या जोडता येत नाहीत.

एएम४ मध्ये हीटसिंकबरोबर प्रोसेसर निघून आलाच, तर तो पिना वर ठेवून टेबलावर ठेवा. पिनांना हात न लावता, ड्रायरने गरम करून, कडेला धरून फिरवत सुटा करा. मग पिनांच्या रांगा उजेडासमोर तिरक्या धरून पाहा. थोडी वाकलेली पिन शिसं काढलेल्या क्लिक पेन्सिलच्या टोकात अडकवून हळूहळू सरळ करता येते. एकदाच सरळ करायची, पुढे-मागे केली तर ती तुटते.

एएम४ वर स्क्रूचा हीटसिंक लावायचा असेल आणि त्यासाठी बोर्डावरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या काढल्या, तर बोर्डामागची धातूची प्लेट सुटी होते. कॅबिनेट उभं असेल तर ती मागे पडते आणि मग अख्खा बोर्ड काढावा लागतो. मागचं झाकण उघडून तिला हाताचा आधार द्या. एएम५ मध्ये ही प्लेट सॉकेटलाच जोडलेली असते, ती काढायची नसते.

## टप्पा ६ : जुना प्रोसेसर बाहेर

लिव्हर उघडण्याआधी, प्रोसेसर सॉकेटमध्ये असतानाच त्याच्यावरची जुनी पेस्ट पुसून घ्या. कापडाला अल्कोहोल लावा, प्रोसेसरवर थेट ओतू नका. बाहेरून आत, मध्याकडे पुसा. उलट केलंत तर पेस्ट कडेने सॉकेटमध्ये जाते. हे पुसणं नंतरही करता येईल असं वाटतं, पण सुकलेला कण पिनांवर पडू नये म्हणून ते आत्ताच.

एएम४ : लिव्हर जरा बाहेर ओढून ९० अंश उभा करा आणि प्रोसेसर कडांनी सरळ वर उचला.

इंटेल आणि एएम५ : लिव्हर खाली दाबून बाजूला सरकवा आणि वर घ्या, धातूची चौकट उघडेल. प्रोसेसर दोन कडांनी सरळ वर. या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात आणि त्या केसासारख्या बारीक असतात. बोट, कापड, ब्रश, कापूस, काहीच तिथे लावायचं नाही. धूळ दिसलीच तर रबरी फुग्याने लांबून हलकी फुंकर मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब जातात.

तपासा : टॉर्च तिरका धरून सॉकेट पाहा. सगळ्या पिना एकाच प्रकारे चमकल्या पाहिजेत. एखादी वेगळी चमकत असेल किंवा रांगेत खंड दिसत असेल तर तिथेच थांबा. बोर्डावरची वाकलेली पिन सूक्ष्मदर्शकाखाली सरळ करणाऱ्या कारागिराकडेच द्या, घरी प्रयत्न करू नका.

## टप्पा ७ : नवा प्रोसेसर आत

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, सॉकेटवरही असतो. ते दोन्ही एकाच कोपऱ्यात आले पाहिजेत. एलजीए प्रकारात, म्हणजे पिना बोर्डावर असलेल्या इंटेल आणि एएम५ मध्ये, कडेला खाचाही असतात, त्या सॉकेटच्या उंचवट्यांवर बसतात.

लिव्हर पूर्ण वर आहे याची खात्री करून प्रोसेसर अलगद ठेवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो, बोटाने दाबायचं नाही. बसला नाही तर उचला, त्रिकोण पुन्हा पाहा, पुन्हा ठेवा. मग लिव्हर बंद करा. एएम४ चा लिव्हर सहज जातो. इंटेल आणि एएम५ चा मात्र चांगलाच घट्ट जातो, थोडा करकरतोही. तो आवाज बरोबर आहे. प्रोसेसर सपाट बसलेला दिसत असेल तर निर्धास्त दाबा.

नव्या एलजीए बोर्डावर काळं प्लास्टिकचं झाकण असेल तर ते लिव्हर बंद करताना आपोआप उडतं. आधी काढू नका आणि नंतर टाकू नका. बोर्ड वॉरंटीला द्यायची वेळ आली तर ते झाकण मागतात.

## टप्पा ८ : पेस्ट आणि हीटसिंक

नव्या हीटसिंकच्या खालच्या पृष्ठभागावर बऱ्याचदा पारदर्शक प्लास्टिकची फिल्म असते. ती काढा. नव्या मशीनचं तापमान चालू होताच ९० च्या वर जातं, तेव्हा मी सगळ्यात आधी हीच फिल्म शोधतो, आणि ती बऱ्याचदा सापडते.

प्रोसेसरचा आणि हीटसिंकचा पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या. नव्या हीटसिंकला आधीच पेस्ट लावलेली असेल तर ती पुसू नका आणि वेगळी पेस्टही लावू नका. मग प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट, म्हणजे साधारण चार-पाच मिलिमीटरचा ठिपका. एलजीए १७०० चा प्रोसेसर लांबट असतो, त्यावर लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ बरी. पसरवायची गरज नाही, हीटसिंकचा दाब ती पसरवतो. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या न दिसणाऱ्या फटी भरण्याचं आहे. जाड थर दिलात तर उष्णता उलट अडते.

हीटसिंक सरळ वरून एकदाच ठेवा. ठेवून उचललात तर आत हवेचे बुडबुडे राहतात, मग पुसून पुन्हा नवी पेस्ट.

स्क्रूचा असेल तर चारही स्क्रू आधी दोन-दोन वेढे बसवा, मग समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळत जा. स्प्रिंगचे स्क्रू एका ठिकाणी आपोआप थांबतात, त्यापुढे जोर लावू नका. एकच बाजू आधी पूर्ण आवळली की प्रोसेसर तिरका दाबला जातो आणि पेस्ट एका बाजूला पळते.

इंटेलच्या खुंट्यांसाठी : चारही डोकी बाणाच्या उलट दिशेने फिरवून मूळ जागी आणा. मग समोरासमोरच्या दोन खुंट्या एकाच वेळी दाबा, टक असा आवाज येईपर्यंत. नंतर उरलेल्या दोन. बोर्ड वाकतो, म्हणून शक्य असेल तर मागून हाताचा आधार द्या.

तपासा : बोर्डाच्या मागून पाहा. चारही ठिकाणी पांढरे पाय पूर्ण बाहेर आलेले आणि त्यांच्या मधोमध काळी खुंटी उतरलेली दिसली पाहिजे. एक जरी अर्धवट असेल तर हीटसिंक त्या कोपऱ्यात उचललेला राहतो.

शेवटी पंख्याची वायर सीपीयू फॅन असं छापलेल्या जागी लावा. शेजारच्या सिस्टिम फॅनच्या जागेवर लावली तर बरेच बोर्ड चालू होताना पंख्याची चूक दाखवून थांबतात. टॉवर हीटसिंकचा पंखा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हवा ढकलेल असा लावा. वायर पात्यांत अडकत नाही ना, हे पंखा बोटाने फिरवून पाहा.

## टप्पा ९ : पहिल्यांदा चालू करणं

झाकण लावू नका. प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याचा चार किंवा आठ पिनांचा कनेक्टर, रॅम आणि ग्राफिक कार्ड हाताने दाबून पाहा, काम करताना यातलं काहीतरी हललेलं असतं. मॉनिटरची वायर ग्राफिक कार्ड असेल तर कार्डाला, नसेल तर बोर्डाला.

मशीन चालू करा आणि थांबा. पहिल्या वेळी रॅमची जुळणी करायला बोर्ड वेळ घेतो, एएम५ वर तर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाबरून मधेच बंद करू नका.

एएमडीच्या मशीनवर नवा प्रोसेसर सापडला, एफटीपीएम (एन्क्रिप्शनची किल्ली जपणारा प्रोसेसरमधला भाग) रीसेट करू का, असा प्रश्न येतो. एन्क्रिप्शन बंद केलेलं असेल किंवा रिकव्हरी की हाताशी असेल तरच वाय दाबा. विंडोज हॅलोचा पिन, म्हणजे लॉगिनचा आकडी कोड, नंतर पुन्हा तयार करावा लागेल, पासवर्ड आठवतोय ना बघा.

दहा मिनिटांनीही डिस्प्ले आला नाही तर या क्रमाने जा : मॉनिटरची वायर योग्य जागी आहे का, रॅम काढून एकच पट्टी बसवून, मग बोर्डावरचा नाण्यासारखा सेल वीज काढलेली असताना पाच मिनिटं बाहेर ठेवून. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए अशी नावं असलेले छोटे दिवे असतील तर कोणता पेटून राहतो ते पाहा, निम्मी शोधाशोध वाचते. प्रोसेसर उघडून पाहणं अगदी शेवटी.

तपासा : बायोसमध्ये प्रोसेसरचं नाव बरोबर, पंख्याचा वेग दिसतोय, रॅम पूर्ण दिसतेय. सोळा जीबीची आठच दिसत असेल तर पट्टी नीट बसलेली नसते, किंवा एखादी पिन वाकलेली असते, किंवा हीटसिंकचा दाब तिरका असतो. रॅमचा वेग परत मूळ आकड्यावर गेलेला असेल तर बायोसमधली एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवायची) सेटिंग पुन्हा चालू करा.

बायोसच्या स्क्रीनवरच तापमान पाच मिनिटं पाहत बसा. ४० ते ६० च्या दरम्यान स्थिरावलं तर ठीक. ८० कडे चढत राहिलं तर लगेच बंद करा आणि टप्पा ८ पुन्हा.

## टप्पा १० : ताण देऊन मोजणी

विंडोजमध्ये तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि प्रोसेसरला ताण देणारं सिनेबेंच दहा-पंधरा मिनिटं चालवा. ६५ वॅटच्या प्रोसेसरला खोक्यातल्या हीटसिंकवर ७० ते ८५ अंश सेल्सियस हे चालण्यासारखं आहे. रायझन ७००० मालिकेचे काही प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ पर्यंत जातात, ती त्यांची ठरलेलीच मर्यादा आहे. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० च्या आसपास स्वतःचा वेग कमी करायला लागतात. वेग पडताना दिसला तर हीटसिंक कमी पडतोय किंवा नीट बसलेला नाही.

आकडा वाचताना खोलीचं तापमान शेजारी लिहा. जुलैच्या पावसात २५ अंशांच्या खोलीत ७८ दिसलं आणि तुम्ही खूश झालात, तर एप्रिल-मेच्या दुपारी खोली ३७ वर गेल्यावर तोच प्रोसेसर साधारण ९० वर जाणार आहे. खोली जेवढी चढते, तेवढंच हेही जवळपास चढतं. पावसाळ्यात बसवलेल्या मशीनला निदान पंधरा अंशांची मोकळीक ठेवा. ती नसेल तर आत्ताच मोठा हीटसिंक घ्या किंवा बायोसमध्ये प्रोसेसरची वीजमर्यादा थोडी खाली आणा.

सगळं ठीक असेल तर कॅबिनेट बंद करा आणि झाकण लावून ताणाची तीच चाचणी पुन्हा घ्या. झाकणामुळे तापमान आठ-दहा अंशांनी वाढत असेल तर हवा बाहेर काढणारा मागचा पंखा उलटा लागलेला किंवा बंद असू शकतो. एन्क्रिप्शन पुन्हा चालू करायचं असेल तर ते यानंतर, आणि नवी रिकव्हरी की पुन्हा लिहून.

जुना प्रोसेसर नव्याच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा. तो वेगळ्या प्रकारचा असल्याने त्या डबीत बसत नसेल, तर स्थिर वीज रोखणाऱ्या पिशवीत घालून जाड पुठ्ठ्याच्या डबीत ठेवा. थर्मोकोलमध्ये खोचू नका, त्यात स्थिर वीज साठते. विकणार असाल तर वरची अक्षरं नीट दिसतील असा तो स्वच्छ पुसून, नावाचा आणि पिनांचा फोटो आजच काढून ठेवा. आणि आठवडाभर नवं मशीन रोजच्या कामात चाललं, की मगच तो हातातून सोडा.